काळी पाचखालचं कुंकू

आई, तुमचा फोटो मी तुमच्या कीबोर्डवर ठेवू दिला नाही, यावरून माझी बरीच बदनामी झाली आहे. तुम्ही गेलात त्याच दिवशी दुपारची गोष्ट. हॉलमध्ये तेवढीच एक सपाट जागा रिकामी, म्हणून भेटायला आलेल्या कोणीतरी फोटो त्यावर टेकवला, हार घातला, आणि तेलानं काठोकाठ भरलेली समई त्याच्या शेजारी ठेवायला वाकलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "तिथं नाही! उचला आधी ते!" रडणाऱ्या बायकासुद्धा रडायच्या थांबल्या. मी फोटो टीपॉयवर ठेवला, समई खाली पाटावर ठेवली आणि कीबोर्डवर त्याचं कापड ओढलं. सासू गेली तरी सुनेचा फणकारा काही गेला नाही, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

एकट्या सुमनमावशी माझ्या बाजूनं बोलल्या. तुमच्या भजनी मंडळात त्या ढोलकी वाजवतात, त्यामुळे वाद्याचं दुखणं त्यांना कळतं. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या, "तेल आत गेलं तर पेटी संपली." तुम्ही असतात तर तुम्हीही ओरडला असतात, पण माझ्यावर. समईला कोणी नाही म्हणतं का, असं म्हणून दिवसभर माझ्याशी बोलला नसतात. आणि संध्याकाळी मीच केलेल्या चहाला "आज बरा झालाय" म्हणाला असतात. आपली भांडणं अशीच मिटायची. शेवटची दोन तेवढी मिटायची राहिली, म्हणून हे लिहितेय.

तुमचा डावा खांदा आखडला नसता तर हा कीबोर्ड घरात आलाच नसता. हार्मोनियम म्हणजे एक हात सुरांवर आणि एक भात्यावर. तुमचा भात्याचा हात वर होईना, मागे जाईना, कळ यायची ती डोळ्यांत दिसायची. मंडळाच्या बायका म्हणाल्या, ताई, नुसत्या टाळांवर गाऊ. तुम्ही म्हणालात, "मग मी घरीच बसते की." आणि खरोखर बसलात. तोंड पाडून, खिडकीशी. ते बघवेना म्हणून मिलिंद सिंथेसायझर घेऊन आला. तुमचा मुलगा तसा बोलत नाही फारसा; खोकं ठेवलं, "आई, याला भाता नाही" एवढं म्हणाला आणि कामावर गेला.

तुम्ही चष्मा लावून त्याच्याकडे बघितलंत आणि निकाल दिलात, "हिला श्वासच नाही." पुढे दोन-चार दिवस तुम्ही तिच्याजवळ गेला नाहीत. मग एकदा मी कामावरून आले तर तुम्ही जमिनीवर मांडी घालून, ही नवी पेटी पाटावर ठेवून वाजवत होतात आणि डावा हात खालच्या सुरांवर फिरत होता. इतक्या वर्षांत त्या हाताला सूर कसा तो माहीतच नव्हता, बिचारा नुसता वारा घालत आला होता. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत ते तोंड मला अजून दिसतं. दुकानातल्या सगळ्या बांगड्या एकदम हातात घातल्यासारखं. साठी उलटलेल्या बाईला अख्खा एक हात नव्यानं मिळाला होता.

पेटी लावण्याचं खातं मात्र माझ्याकडे आलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, म्हणजे तुमच्या हिशेबानं "मशीनवाली". दोन पाट शेजारी, त्यावर पेटी, डुगडुगलं तर पाटाखाली वर्तमानपत्राची घडी. अडॅप्टर तिचाच हवा, वायफायचा नको, कारण दोन्ही दिसायला सारखे. तुम्ही त्यावर उपाय म्हणून तिच्या अडॅप्टरला परकराचा लाल नाडा बांधलात. मला लाज वाटायची. गावोगावच्या देवळांत मी पिशवीतून तो नाडा ओढून काढायचे आणि माईकवाली पोरं तोंड फिरवून हसायची. पण नाड्यामुळे चुकीचा अडॅप्टर कधी लागला नाही, हेही कबूल करायला हवं. लावण्याचा क्रमही ठरलेला: आवाज शून्यावर, वायर आत, आधी पेटी चालू, मग स्पीकर. बंद करताना उलटं, आधी स्पीकर. एकदा तुम्ही घाईत पेटी आधी बंद केलीत आणि स्पीकरमधून धप्पकन असा आवाज आला की पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी हातातला प्रसाद सोडला.

आणि त्र्यंबकेश्वरचा गुडघा! जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या बाईला पायाचं पेडल काय कामाचं, असं मी म्हणत होते. तुम्ही ते उजव्या गुडघ्याखाली घेतलंत. गुडघा दाबला की सूर लांबतो, उचलला की तुटतो. झकास जमलं होतं. त्र्यंबकच्या धर्मशाळेत तुम्ही आधी ऐसपैस बसलात, गुडघा पेडलवर टेकला, आणि मग मला म्हणालात, "हं, कर चालू." त्या पेटीची खोड अशी, की चालू होताना पेडल ज्या स्थितीत असेल तीच ती मोकळी समजते. झालं सगळं उलटं. एकही सूर थांबेना, एकमेकांत कालवायला लागले. बायका एकमेकींकडे बघताहेत, मी घामाघूम होऊन बटणं दाबतेय. तुम्ही एका ओळीत ओळखलंत, गुडघ्याची चाल उलटी केलीत आणि अख्खा कार्यक्रम तसाच रेटलात. घरी येताना गाडीत म्हणालात, "तुझी मशीन येडी आहे, पण ऐकते." तेव्हापासून मी बटण दाबण्याआधी ओरडायचे, "गुडघा वर!" आणि तुम्ही दोन्ही गुडघे वर करून दाखवायचात.

आता आपलं पहिलं भांडण. ट्रान्सपोज. मंडळ गातं काळी पाचमध्ये, सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवरून, आणि तुम्ही काळी पाचलाच सा धरून वाजवायचात, सगळी बोटं त्या अडचणीच्या काळ्या पट्ट्यांतून नेत. तुम्ही मला शिकवायला घेतलंत तेव्हा मी म्हटलं, मला एकच पट्टी पुरे. पांढरी एकवरून वाजवायचं, ट्रान्सपोजचं बटण दोनदा मागे दाबायचं, पेटी आपोआप काळी पाचमध्ये बोलते. तुम्हाला ती चोरी वाटली. "सूर सरकवायचा नसतो, हात सरकवायचा असतो." मी म्हणायचे, मिक्सर असताना पाट्यावर वाटायचं का? तुम्ही म्हणायचात, चटणी पाट्यावरचीच खायची असते तुला. मग मी वाजवायला बसायचे, तुम्ही आत भाजी निवडायला बसायचात, आणि तिथून आवाज यायचा, "वैशाली, निषाद उतरलेला! भैरवीत कोमल घे!" मी माझ्या काळी पाचवर बोट ठेवायचे. तुमचा सा, माझा कोमल नी. बटण आपापल्या सोयीचं, पट्टी तीच.

दुसरं भांडण कुंकवाचं, आणि ते जास्त जुनं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. विळी, मिक्सर, शिलाई मशीन, माझी स्कूटर. त्या सगळ्याला हळद-कुंकू तुम्ही मला लावायला सांगायचात. पेटीची वेळ आली की मला बाजूला करायचात. "पेटीचं मी करते." आणि मग चिमटीनं नव्हे, बोटं भरभरून. प्रत्येक सुरावर. वर अक्षता, वर झेंडूच्या पाकळ्या. मी दरवर्षी ओरडायचे, अहो आई, दोन पट्ट्यांच्या मधे फट असते, सगळं खाली जातं, खाली सर्किट आहे. तुम्ही दरवर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. एकदा मी आधीच प्लॅस्टिकचा कागद अंथरून ठेवला तर तुम्ही तो शांतपणे काढलात, घडी केलीत आणि माझ्या हातात दिलीत. "कागदाची पूजा करायची आहे का मला?"

या दसऱ्यानंतर पेटी बिघडली. मधल्या सप्तकातली काळी पाच मुकी झाली. तिच्या शेजारची पांढरी सात उलट किंचाळायला लागली, कितीही हलकं बोट ठेवा, दाराची बेल वाजल्यासारखी. आणखी दोन-तीन सूर कधी बोलायचे, कधी नाही. मी म्हटलं, कुंकू. तुम्ही म्हणालात, "वय झालं असेल तिचं." मी म्हटलं, वय तिचं नाही, कुंकवाचा थर झालाय. तुम्ही म्हणालात, "उघडून दाखव. दिसलं तर मान्य." मी म्हटलं, दाखवतेच रविवारी. रविवार यायच्या आधी तुम्ही झोपेतच गेलात. असं भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का?

तेरावं झालं. दिवाळी घरात नव्हतीच. शेजारच्या आकाशकंदिलांचा उजेड आमच्या हॉलमध्ये पडायचा आणि त्यात पेटीवरचं कापड दिसायचं. मग सायखेड्याहून मामांचा फोन आला. तुमच्या भावाला मी तोवर फोनवर कधी रडताना ऐकलं नव्हतं. त्रिपुरी पौर्णिमेला नदीकाठच्या देवळात दिव्यांचा उत्सव असतो, त्या संध्याकाळी आमचं मंडळ येतंय असा शब्द तुम्ही माहेरी देऊन बसला होतात. मला त्याचा पत्ता नव्हता.

"ताई लय हौसेनं बोलली व्हती," मामा म्हणाले, "म्हणे माझ्या दोन्ही हातांची पेटी ऐकवते तुम्हाला. पण आता माणूसच नाय राह्यलं, तर तुम्ही तरी काय करणार? मी दुसरं मंडळ सांगतो, सूनबाई. आन् लोकं बी बोलतील, वर्षाच्या आत सून पेटी वाजवाया बसली म्हणून."

मी विचार केला नाही, आई. विचार केला असता तर, बरं, सांगा दुसरं मंडळ, असंच म्हटलं असतं. मी म्हटलं, "मामा, दुसरं मंडळ सांगू नका. आम्ही येतोय."

फोन ठेवला आणि मग एकेक मोजायला लागले. पेटी बिघडलेली. वाजवणारी गेलेली. हार्मोनियम मंडळात दुसऱ्या कोणाला येत नाही. मंडळाच्या बायका तर मंडळच बंद करायच्या गोष्टी करत होत्या. ताई नाहीत तर कशाला, असं म्हणत. मला मोजकी भजनं येतात तीही तुम्ही आतून ओरडणार या भरवशावर. मी पेटी घेऊन शालिमार चौकाजवळ एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. भला माणूस होता, पण लग्नसराईच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या पेट्यांनी त्याचं दुकान तुंबलेलं. म्हणाला, महिन्यानं बघू. आणि ट्रान्सपोज लावून बिघडलेल्या सुरांतून पळ काढावा म्हटलं, तर तेही जमेना. सा बदलला तरी भैरवीला कोमल नी लागतोच, आणि माझा कोमल नी म्हणजे तीच मुकी पट्टी. सायखेड्यात दिलेला तुमचा शब्द त्या एका पट्टीवर येऊन अडकला होता.

रविवारी दुपारी मी डायनिंग टेबल रिकामं केलं, त्यावर गोधडी अंथरली आणि पेटी पालथी घातली. मिलिंद म्हणाला, "वैशू, आईची आहे गं ती. अजून बिघडली तर?" मी म्हटलं, तुझ्या आईनंच सांगितलंय उघडून दाखव म्हणून. तो समोर खुर्ची ओढून बसला. मी मसाल्याचा डबा घासून-पुसून घेतला आणि स्क्रू काढत गेले. लांब स्क्रू मोहरीच्या वाटीत, आखूड जिऱ्याच्या, मधले हळदीच्या. चुकून लांब स्क्रू आखूड भोकात गेला की प्लॅस्टिक तडकतं, एवढं मला माहीत होतं. प्रत्येक वायरचा फोटो काढला. मग पट्ट्यांचा सांगाडा उचलला.

आई, मी जिंकले! मी खरंच ओरडले, "मी जिंकले!" आणि मिलिंद दचकून उभा राहिला. कुंकूच होतं. नुसतं कुंकू नव्हे, तिथं दसऱ्याचा अख्खा बाजार भरला होता. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, हळदीचे गोळे, आपट्याच्या पानाचा तुकडा, आणि पांढरी सातच्या खाली अक्षतांचा एक दाणा, अगदी ठाण मांडून. आणि सगळीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लालच लाल. मी हसत सुटले. फोनवर फोटो काढला, तुम्हाला दाखवायला म्हणून. आणि फोन हातात धरून तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा.

परत येऊन बसले तेव्हा हसू गेलं होतं. मी रोज लॅबमध्ये लाल रंग बघते, मला लाल रंगाचं काही वाटत नाही. पण हे कुंकू किती वर्षांचं होतं! बाबा गेल्यावर तुम्ही कपाळावर कुंकू लावलं नाहीत. एक काळी टिकली, तीही बाहेर जाताना. दसऱ्याला विळीला, मिक्सरला, स्कूटरला कुंकू लावायचं ते सवाष्णीनं, म्हणून माझ्या हातानं. कोणी तुम्हाला सांगितलं होतं असंही नाही, तुम्हीच मागे सरायचात. आणि पेटीचं तेवढं मी करते. बोटं भरभरून. मला वाटायचं हा हट्टीपणा आहे, माझ्या पेटीला हात लावू नका असा. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे दिसलं नाही, ते त्या उघड्या पेटीत दिसलं. मिलिंदलाही दिसलं असावं. तो उठला आणि कापसाचं पाकीट घेऊन आला.

मग आम्ही साफ करायला बसलो. प्रत्येक सुराच्या खाली रबराची एक छोटी टोपी असते, तिच्या आत दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा जरा नंतर, आणि त्या मधल्या वेळावरून पेटीला समजतं की हात हळू पडला की जोरात. मधे कुंकू आलं की तिला काहीच समजत नाही. मग ती गप्प तरी बसते, नाहीतर ओरडते. हे समजल्यावर मला तिचा रागच येईना. रबराच्या पट्ट्या मिलिंदनं साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि ओट्यावर पंच्यावर वाळत घातल्या. खालच्या बोर्डवरचे ठिपके मी कापसाच्या काडीनं पुसले, लॅबमध्ये वापरतो तसल्या शुद्ध अल्कोहोलनं, घासायचं नाही, नुसतं टिपायचं. काडी लाल व्हायची, टाकायची, दुसरी घ्यायची. तुमच्याशी मनात भांडत होते तोवर हात भराभर चालला. भांडण संपलं तसा हात हळू झाला.

सगळं परत जोडलं, नाडा ओढून अडॅप्टर लावला, चालू केलं, आणि अर्धी पेटी मुकी. आधी चार-पाच सूर गेले होते, आता वरचं सगळं. मी गॅलरीत जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. मग आत येऊन म्हटलं, मोहरीची वाटी दे. पुन्हा सगळे स्क्रू काढले. फोटोशी ताडून बघितलं तर एक चपटी वायर तिरकी बसली होती, एका बाजूनं केसभर वर. ती दाबून नीट बसवली. दुसऱ्यांदा चालू केलं आणि खालपासून एकेक पट्टी वाजवत वर गेले. काळी पाचपाशी थांबले. मिलिंद म्हणाला, "वाजव की." वाजवली. बोलली, आई! स्वच्छ, गोल, बाकी पट्ट्यांच्याच आवाजात. हलकं बोट ठेवलं तर हलकी, दाबलं तर भरून. पांढरी सातचं किंचाळणंही गेलं. मिलिंदनं टाळ्या वाजवल्या. तुमचा मुलगा, टाळ्या! मग तो बेसिनपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

पुढचे दिवस सुमनमावशींनी मला घासून घेतलं. कामावरून आले की त्या दारात ढोलकी घेऊन हजर. बायकाही एकेक करून यायला लागल्या, आधी "नुसतं ऐकायला" म्हणून, मग टाळ घेऊन. मंडळ बंद करायचं कोणी नाव काढलं नाही.

सायखेड्याला घाटाच्या पायऱ्यांवर दिवे लागत होते तेव्हा आम्ही पोचलो. मंडपात पेटी लावली आणि स्पीकर चालू करताच घूंऽऽ असा आवाज. माईकवाला म्हणाला, "म्याडम, पेटीच खराब हाय तुमची." माझं डोकं असं फिरलं! स्वतःच्या हातानं साफ केलेली पेटी. मी वायरीचा माग काढत गेले तर पेटी मंडपाच्या बोर्डावर आणि स्पीकर देवळाच्या बोर्डावर, रोषणाईच्या माळांसोबत. "दोन्ही एकाच बोर्डाला लावा," मी म्हटलं. लावलं, आणि ती घूंघूं थांबली. माईकवाला म्हणाला, "लय भारी." मी मांडी घातली, स्वतःलाच ओरडून सांगितलं, गुडघा वर, आणि बटण दाबलं. ट्रान्सपोज लावलं, आई. दोनदा मागे. चिडायचं तर चिडा. पहिलं भांडण मी सोडणार नाही.

वाजवलं. पहिल्या भजनात दोनदा चुकले. दुसऱ्यात डावा हात आपणहून खाली उतरला, तुमचा उतरायचा तिथंच. पुढे बसलेल्या बायका डोलायला लागल्या. मामा खांबाला टेकून उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. सुमनमावशींच्या ढोलकीनं तर मंडप उचलला. आणि भैरवीला मी कोमल निषादावर बोट ठेवलं तेव्हा आतून कोणी ओरडलं नाही. ओरडायची गरजही नव्हती. तो सूर सगळ्या मंडपावरून नदीपर्यंत गेला, आणि सगळी मंडळी आमच्याबरोबर गात होती. मला इतका आनंद झाला, आई, इतका, की तो झाल्याबद्दल थोडी लाजही वाटली. मग म्हटलं, लाज कसली. दोन्ही हातांची पेटी ऐकवते असं तुम्ही म्हणाला होतात. ऐकवली.

संपल्यावर गावातल्या बायका हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. "लय ग्वाड वाजिवलं, ताईवाणीच," असं म्हणत त्यांनी मला कुंकू लावलं. मग एकेक करत पुढे. सुमनमावशींपाशी ताट आलं आणि न थांबता पुढे गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही, ताटाला तशी सवयच होती. मावशी ढोलकीच्या दोऱ्या आवळण्यात गुंतल्या होत्या, त्या आवळलेल्याच असताना. तुम्हीही प्रत्येक कार्यक्रमानंतर नेमक्या याच वेळी वायरी गुंडाळायला घ्यायचात.

ताटवाली बाई परत माझ्याकडे वळली. "पेटीला बी लावू का वं?"

मी ताट तिच्या हातातून घेतलं आणि सुमनमावशींच्या पुढ्यात ठेवलं. "मावशी, पेटीचं तुम्ही करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. दोन बोटं कुंकवात घातली आणि तशीच थांबल्या. "वैशाली, अगं आत जाईल ना."

"जाऊ दे," मी म्हटलं. "चांगलं बोटं भरून लावा. उघडून साफ करायला मी आहे."